‘ताई, हा रॉड तुमच्यासाठी नाही’

“मी ४४ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. गुडघे दुखू लागले तेव्हा डॉक्टरांनी तपासून ‘मांड्यांचे स्नायू कमकुवत झाले आहेत, ते बळकट करा’ असे सांगितले, म्हणून पाच महिन्यांपूर्वी जिम लावली. रोज सकाळी साडेसहाला जाते, ४० मिनिटे ट्रेडमिलवर चालते आणि घरी येते. वजनांचा कोपरा आरशासमोर आहे आणि तिथे नेहमी मुलेच असतात. गेल्या महिन्यात धीर करून एक रॉड उचलायला गेले, तर विशी-बाविशीच्या एका मुलाने तो माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, ‘ताई, हा रॉड तुमच्यासाठी नाही, कंबर धरेल.’ तो उद्धटपणे बोलला नाही. पण ट्रेडमिलवर परत गेल्यावर मला रडू आवरेना. घरी सांगितले तर सासूबाई म्हणाल्या की बाईमाणसाने जड उचलले की अंग बाहेर येते. यजमान हसून म्हणाले, ‘पैलवान व्हायचंय का?’ मला वजन कमी करायचे नाही. कुणी माझ्या हातातून काही काढून घेतले तर ते मला परत मागता यावे, एवढेच हवे आहे. शाळेच्या बैठकीतही माझे बोलणे अर्ध्यावर तोडले जाते आणि मी गप्प बसते. थोडा आत्मविश्वास आला की वजने उचलायला सुरुवात करावी असे ठरवले आहे. हे योग्य आहे ना? एक किरकोळ प्रश्नही आहे: जिममध्ये बांगड्या आणि मंगळसूत्र काढावे लागेल का? त्यावरून घरात वाद नको आहे.”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे देते, पण त्याआधी पत्रातील एका वाक्याशी मला भांडायचे आहे. थोडा आत्मविश्वास आला की वजने उचलायला सुरुवात करावी, असे तुम्ही लिहिले आहे. पाढे पाठ झाले की पाढे म्हणायला बसेन, असे एखादा मुलगा वर्गात म्हणाला तर तुम्ही त्याला काय सांगाल? आत्मविश्वास ही आधी जमवून ठेवण्याची आणि मग जिममध्ये खर्च करण्याची पुंजी आहे, असा बहुतेकींचा समज असतो आणि याच समजापायी कित्येक जणी वर्षभराची फी भरून वर्षभर ट्रेडमिलवर चालत राहतात.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडेल. ‘हे मला जमेल’ असा विश्वास माणसाला चार वाटांनी मिळतो, असे त्याचे म्हणणे होते: स्वतः केलेले आणि जमलेले काम, आपल्यासारख्याच कुणाला ते काम करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर, आणि छाती धडधडू लागली की त्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. यांपैकी पहिली वाट सर्वांत भक्कम असते. आता तुमचे पाच महिने या चार वाटांवर तपासून पाहा. ट्रेडमिलवर तुम्ही जे केले ते तुम्हाला पहिल्या दिवशीही येत होते, त्यामुळे नवे काही जमल्याची नोंद मनात झालीच नाही. वजनांच्या कोपऱ्यात तुमच्या वयाची एकही बाई तुम्हाला दिसली नाही. धीर देण्याऐवजी घरातून भीती आणि थट्टा मिळाली. आणि डोळ्यांत पाणी आले तेव्हा त्याचा अर्थ तुम्ही ‘मी दुबळी आहे’ असा लावलात; मला मात्र ते पाणी रागाचे होते असे वाटते. चारही वाटा बंद असताना आत्मविश्वास येण्याची वाट पाहणे व्यर्थ होते, आणि त्यात तुमच्या स्वभावाचा काहीही दोष नाही.

वजने उचलून आत्मविश्वास का येतो, याचे माझे उत्तर थोडे रूक्ष आहे. लोखंड आकड्यात बोलते आणि कुणाची भीड ठेवत नाही. तुमचा धडा चांगला झाला की नाही हे मुख्याध्यापक ठरवतात, तपासणीला आलेले अधिकारी ठरवतात. स्वयंपाक बरा झाला की नाही हे ताटावर बसलेले ठरवतात, आणि तेही बहुधा मीठ कमी पडले तरच. मार्चमध्ये १० किलो उचलले आणि जूनमध्ये २५, हे मात्र कुणाच्या मतावर अवलंबून राहत नाही. प्लेटवर आकडा कोरलेला असतो. ज्या बाईच्या कामाचे मोजमाप आयुष्यभर दुसऱ्यांनी केले, तिला असा आकडा हातात आल्यावर काय वाटते ते मी अनेकींच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. मी स्वतः ५१ व्या वर्षी सुरुवात केली. माझ्या पहिल्या जिममधील ट्रेनरने मला तब्बल तीन महिने गुलाबी रंगाची १ किलोची डंबेल्स दिली होती. भाजीची पिशवी त्याहून जड असते, हे त्याच्या लक्षात आणून द्यायला मला तीन महिने लागले, याची आजही लाज वाटते.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर मुद्दा तोच आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ‘अंग बाहेर येणे’ म्हणजे गर्भाशय खाली सरकणे, आणि हा त्रास खरा आहे. त्यांच्या पिढीतील बायका बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत पाण्याच्या घागरी, सरपणाच्या मोळ्या आणि धान्याची ओझी उचलू लागत; त्यात एकापाठोपाठ एक बाळंतपणे, चुलीच्या धुराने जडलेला जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि अपुरे जेवण. तुमच्याच जिल्ह्यात हंगामात ऊसतोडीला येणाऱ्या बायका डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढताना आजही दिसतात. सासूबाईंनी असे ओझे पाहिले असेल, कदाचित स्वतः वाहिलेही असेल, आणि त्याचे परिणाम शेजारपाजारी पाहिले असतील. त्यामुळे त्यांच्या भीतीला आधार आहे. ती भीती तुमच्या परिस्थितीला जशीच्या तशी लागू होत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

फरक कुठे आहे ते पाहा. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भाशय, मूत्राशय आणि मलाशय यांना ती खालून आधार देते. आपण श्वास कोंडून, कुंथून जड उचलतो तेव्हा पोटातील दाब या झोळीवर येतो. बाळंतपणाने ताणलेल्या आणि पुन्हा बळकट न झालेल्या झोळीवर रोज, तासन्‌तास, विश्रांतीशिवाय असा दाब येत राहिला तर ती सैल पडत जाते. जिममध्ये वजन आपल्या ताकदीला बेतून घेतलेले असते, ते दर वेळी थोडेच वाढते, आठ-दहा वेळा उचलून आपण थांबतो आणि उचलताना श्वास सोडतो. तरीही स्वतःशी प्रामाणिक राहून दोन गोष्टी तपासा: खोकताना, शिंकताना किंवा उडी मारताना लघवीचे थेंब गळतात का, आणि खाली काही ओघळल्यासारखे, जड वाटते का. यांपैकी काहीही होत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि शक्य झाल्यास या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. लाजेने हे कुणी सांगत नाही आणि मग सगळा दोष वजनांवर येतो. असा त्रास असला म्हणजे वजने कायमची बंद, असेही नसते. क्रम आणि प्रमाण बदलावे लागते. काहीही त्रास नसेल, तर सासूबाईंना डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. तुम्ही घरी पटवून सांगण्यापेक्षा त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले अधिक टिकेल.

याच संदर्भात हाडांविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत हाडांची झीज वेगाने होते आणि तुम्ही त्या उंबरठ्यावर आहात. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या आणि हाडे विरळ झालेल्या शंभरहून थोड्या अधिक स्त्रियांवर अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्याजणींना प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आठ महिने, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास खरोखर जड वजने उचलायला लावली; बाकीच्या जणी घरी हलका व्यायाम करत होत्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जड वजने उचलणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली होती. त्या साठीच्या पुढेमागे असलेल्या बायका होत्या, हे त्या मुलाला कुणीतरी सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम देण्यास सांगतात, आणि त्यात स्त्री-पुरुष असा भेद केलेला नाही.

यजमानांच्या थट्टेला उत्तर देणे सोपे आहे. पुरुषांचे स्नायू फुगण्यामागे टेस्टोस्टेरॉनचा मोठा वाटा असतो आणि स्त्रीच्या शरीरात ते कितीतरी पटींनी कमी असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने ४९ किलो वजनगटात ११५ किलोचा क्लीन अँड जर्क केला (म्हणजे रॉड आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर नेला) आणि दोन प्रकार मिळून एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, म्हणजे तिने स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक वजन डोक्यावर धरले होते. तिचा फोटो यजमानांना दाखवा आणि त्यात पैलवान कुठे दिसतो ते विचारा. रोज तासन्‌तास, वर्षानुवर्षे सराव करून जी ‘पैलवान’ झाली नाही, तिच्यासमोर आठवड्यातून तीन दिवस जाणाऱ्या शिक्षिकेची काय कथा!

वजनांचा तो कोपरा पुरुषांचाच आहे असे तुम्हाला वाटते, यालाही इतिहास आहे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे भारोत्तोलन १८९६ मध्ये पहिल्याच स्पर्धेत होते; स्त्रियांना ते थेट २००० मध्ये सिडनीत खुले झाले. त्याच वर्षी करनाम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात दोन प्रकार मिळून २४० किलो उचलून कांस्यपदक जिंकले आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. तेव्हा तुम्ही कॉलेजच्या वयाच्या होतात. तुमच्या शाळेत मुलींना भारोत्तोलन कुणी शिकवले नाही, कारण शिकवणाऱ्यांनीही ते कधी पाहिले नव्हते. स्पर्धेत स्त्रियांचा रॉड १५ किलोचा आणि पुरुषांच्या रॉडहून थोडा बारीक असतो, कारण तो स्त्रीच्या पकडीचा विचार करून बनवलेला असतो. बहुतेक जिममध्ये मात्र २० किलोचाच मोठा रॉड असतो, म्हणून पहिल्या दिवशी तो जड वाटला तर खट्टू होऊ नका. त्याआधी डंबेल्स आणि छोटा रॉड आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून जा. ट्रेडमिल दहा मिनिटांपुरते ठेवा, अंग गरम करण्यासाठी. ट्रेनरला स्पष्ट सांगा, “मला बारीक व्हायचे नाही, ताकद वाढवायची आहे. बैठका, जमिनीवरून वजन उचलणे, स्वतःकडे ओढणे, डोक्यावर ढकलणे आणि वजन हातात घेऊन चालणे, एवढे मला नीट शिकवा.” जिमच्या भाषेत यांना स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग, शोल्डर प्रेस आणि फार्मर्स वॉक म्हणतात. गुडघ्यांसाठी सुरुवात बाकावर बसण्या-उठण्यापासून करा, हातात डंबेल नंतर येईल. प्रत्येक प्रकाराचे आठ ते दहा वेळांचे तीन सेट पुरेत, आणि सेट संपताना आणखी दोन वेळा जमले असते असे वाटेल इतकेच वजन घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर घाबरू नका. सांध्यात कळ आली, चमक मारली किंवा चक्कर आली तर मात्र तिथल्या तिथे थांबा. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ट्रेनर मोबाइलमध्ये डोके घालून ‘होईल, होईल’ म्हणणारा असेल तर दुसरा मागा. फी तुम्ही भरली आहे.

आणि एक वही करा. शिक्षिकेला हे सांगावे लागू नये, तरी सांगते. तारीख, प्रकार, वजन, किती वेळा, एवढेच लिहायचे. वजनकाटा आणि आरसा यांना निदान तीन महिने विचारूच नका, कारण त्यांनी बायकांना आजवर जेवढे छळले तेवढे कुठल्याही रॉडने छळले नसेल. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण दंड मात्र तेवढेच दिसतात. याचे कारण असे की त्या काळात मेंदू आणि मज्जातंतू असलेलेच स्नायू एकत्र कामाला लावायला शिकत असतात. आरशावर विसंबणारी बाई नेमकी याच वेळी निराश होऊन जिम सोडते आणि वही लिहिणारी टिकते. एक टप्पाही सुचवते. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीसह तो साधारण ३० किलोचा भरतो. डेडलिफ्टमध्ये वहीत ३० चा आकडा लागला की त्या दिवशी सिलिंडर सरकवायला घरात कुणाला हाक मारू नका.

रक्ताची तपासणी एकदा करून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले होते. दुसऱ्याच सेटला दम लागला की आपल्यात जिद्दच नाही असे बाई समजते, आणि प्रत्यक्षात तिला गरज असते ती लोहाची. जेवणात प्रथिनेही मोजा: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि ताकदीचा व्यायाम करणारीला त्याहून जास्त. पोहे आणि चहा यांवर ते भरत नाही. उसळ, पिठले, दही, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचे झाल्यावर उरलेले न खाता सगळ्यांबरोबर बसून जेवणे, एवढे केले तरी डबे आणून पावडर खाण्याची घाई नाही.

तुमच्या खऱ्या प्रश्नावर मी अजून बोललेच नाही: हातातून काढून घेतलेले परत कसे मागावे? इथे मी तुम्हाला फसवणार नाही. डेडलिफ्टचा आकडा वाढला म्हणून बैठकीत आपोआप आवाज चढत नाही. स्वतःच्या वजनाएवढे उचलणाऱ्या, पण घरी दाराची बेल वाजली की दचकणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. एका ठिकाणचे धाडस दुसऱ्या ठिकाणी न्यायचे तर ते मुद्दाम न्यावे लागते, आणि तुमच्या बाबतीत दोन्ही प्रसंग विलक्षण सारखे आहेत. तो मुलगा पुन्हा आला, आणि तो येईलच, तर रॉडवरची पकड न सोडता, न हसता, न रागावता म्हणा, “माझे दोन सेट राहिले आहेत, झाले की देते.” पुढे काही बोलू नका, स्पष्टीकरण देऊ नका, आणि खरोखर दोन सेट पूर्ण करा. हे वाक्य घरी आरशासमोर नव्हे, जिममध्येच चार-पाच वेळा तोंडातून गेले पाहिजे. नंतर बैठकीत कुणी बोलणे तोडले तर तेच वाक्य शब्द बदलून वापरा: “माझे दोन मुद्दे राहिले आहेत, झाले की तुम्ही बोला.” पहिल्या वेळी आवाज कापेल. रॉडही पहिल्या वेळी कापतो, हे तोवर तुम्हाला माहीत झालेले असेल, आणि कापणारा रॉडसुद्धा वर जातो हेही.

त्या मुलाबद्दल मनात अढी मात्र ठेवू नका. कंबर धरेल ही त्याची काळजी अगदीच खोटी नव्हती. रॉड हातातून घेण्याची पद्धत चुकीची होती. एखाद्या दिवशी त्यालाच विचारा की उचलताना माझी पाठ सरळ राहते का ते बघशील? अशा मुलांना शिकवायला फार आवडते, आणि ज्याला आपण काही विचारतो तो सहसा आपल्या हातातले काढून घेत नाही. शक्य झाले तर शाळेतील एखाद्या सहकारी बाईंनाही सोबत ओढा. त्या कोपऱ्यात तुमच्यासारखी दुसरी कुणी दिसत नाही ना, मग तिला घेऊनच जा.

राहिला बांगड्या आणि मंगळसूत्राचा प्रश्न. मंगळसूत्र छोटे असेल तर टी-शर्टच्या आत घातलेले चालते. लांब असेल तर ते रॉडमध्ये अडकते आणि खांद्यावर रॉड घेताना मणी मानेत रुततात, म्हणून तेवढ्यापुरते आखूड काळ्या पोतीचे वापरता येईल. बांगड्या मात्र काढाव्याच लागतील, विशेषतः काचेच्या, कारण मनगट वळले की त्या फुटतात आणि काच हातात जाते. सासूबाईंना हेच कारण सांगा, आणि निघताना त्या त्यांच्याच हाती ठेवायला द्या.